लॉक तुटलंय, पण चालतंय

टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदलणं किती किरकोळ काम असतं, हे मी सोसायटीत इतक्या जणांना ऐकवलं होतं की आता करून दाखवण्यावाचून सुटका नव्हती. रबराचं एक कडं. जुनं काढायचं, नवं बसवायचं, कव्हर आवळायचं. "गॅरेजवाले उगीच बाऊ करतात" हे माझं त्या दिवसांतलं लाडकं वाक्य होतं, आणि ते म्हणताना मी हात पाठीमागे बांधायचो. हात पाठीमागे बांधले की वाक्याला वजन येतं.

गाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक "अजून आहे?" असं विचारतात, आणि एकदा विचारलं की मी त्यांना लवकर सोडत नाही. त्रास त्यांनाच. २००२ सालची आहे, पेट्रोलवर चालते, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, एवढं पुरे. पंधरा वर्षं झाली तेव्हा तिची नोंदणी मी सहाशे रुपये भरून पुन्हा करून घेतली. पाच वर्षांनी परत गेलो तर एप्रिल २०२२ पासून तीच फी पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर निराळा. तेही भरले. भरताना खिडकीतला कारकून माझ्याकडे जरा दयेने पाहतोय असं वाटलं, पण मी ती नजर आदराची आहे असं धरून चाललो.

या कामासाठी मी निळा बॉयलर सूट शिवून घेतला. शिंप्याने विचारलं, "कंपनी कुठली?" म्हटलं, "घरचीच." छातीच्या खिशावर लाल दोऱ्याने आद्याक्षरं भरून घेतली. कपाळावर बांधायचा दिवा आणला. मल्टिमीटर होताच, तो मी चौदा वर्षांपूर्वी घेतला होता आणि तेव्हापासून त्याने प्रामुख्याने स्वतःचीच बॅटरी मोजली होती. असा सजून मी खाली निघालो तेव्हा बायकोने एकदा नखशिखान्त पाहिलं आणि "येताना दूध आणा" एवढंच म्हणाली.

आता, कव्हरापर्यंत पोचायचं तर त्याच्यावरून जाणारी वायरिंग बाजूला घ्यावी लागते, आणि वायरिंग बाजूला घ्यायची म्हणजे कपलर सोडवायचे. चार इंजेक्टरांचे चार, इग्निशन कॉइलचे, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, मॅप सेन्सरचा, कॅम सेन्सरचा, कूलंटचं तापमान मोजणाऱ्याचा. प्रत्येकाला प्लॅस्टिकची एक जीभ असते. ती दाबायची, कपलर सरळ मागे ओढायचा, की सुटतो. मी पहिल्या इंजेक्टरची जीभ अंगठ्याने दाबली. हळूच, बाळाच्या अंगावरची माशी उडवावी इतक्या बेताने. ती खारीसारखी तुटली. तुकडा पडला तो पडला, वर भुगाही पडला. दुसऱ्याची जीभ मी दाबलीसुद्धा नाही; नुसता मनगटाचा धक्का लागला.

चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर वॉकला निघाले होते ते थांबले. "काही मोडलं का हो?"

"नाही, नाही. हे असंच असतं."

"असं का!" म्हणून ते तिथेच उभे राहिले. ज्याला बँकेत पस्तीस वर्षं लोकांनी "हे असंच असतं" सांगितलं असेल त्याला ते कसं ओळखायचं हे ठाऊक असतं.

यात गाडीचा दोष नाही आणि ती बनवणाऱ्याचाही नाही. कपलर असतात नायलॉनचे किंवा पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचे. इंजिन चालू असलं की आतलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं, बॉनेटखालची हवाही भाजणारी. रात्री सगळं थंड होतं, सकाळी पुन्हा तापतं. वीस वर्षं हा तापण्या-निवण्याचा खेळ, त्यात पावसाळ्यातली दमट हवा, कुठून तरी पाझरलेलं तेल. प्लॅस्टिकच्या आतल्या लांबलचक साखळ्या हळूहळू तुटत जातात, लवचिकपणा जातो आणि ते ठिसूळ होतं. बाहेरून काही कळत नाही. जागच्या जागी बसून राहिलं तोवर ते ठणठणीत दिसतं. कुणी उठवायला गेलं की मग कळतं. आणि त्याच कव्हराखालचा कॅमशाफ्ट? आरशासारखा लखलखीत. लोखंडाला वीस वर्षं म्हणजे काहीच नाहीत.

गरम केलं की असलं प्लॅस्टिक थोडं नरमतं, हे मी वाचलं होतं. म्हणून तिसऱ्या कपलरपासून बायकोचा हेअर ड्रायर घेतला. एक्स्टेंशन बोर्ड जिन्यातून ओढत आणला, प्रत्येक कपलरला दोन-दोन मिनिटं ऊब दिली, आणि खरोखरच पुढचे काही अखंड निघाले. तोवर पार्किंगमध्ये गर्दी जमली होती. "इंजिनाला न्हाऊ घातलं का?" असं सेक्रेटरींनी विचारलं. मी त्यांना नायलॉनचं रसायनशास्त्र समजावून सांगितलं. ते गेले.

मोडलेल्या कपलरबद्दल आपल्याकडच्या समस्त गॅरेजांचं एकच तत्त्वज्ञान आहे: लॉक तुटलंय, पण चालतंय. कपलर पुन्हा खोचून द्यायचा, वर केबल टाय आवळायचा, नाहीतर काळी चिकटपट्टी गुंडाळायची. आणि ते चालतंही; गॅरेजच्या फाटकापर्यंत तर नक्कीच. नंतर काय होतं ते सांगतो, कारण हे मला फार उशिरा कळलं आणि आता मी ते सगळ्यांना सांगतो. आतल्या पितळी पिनांवर कल्हई असते, कथलाचा पातळ मुलामा. लॉक नसलं की कपलर इंजिनाबरोबर थरथरत राहतो आणि पिना एकमेकींवर केसभर घासत राहतात. कल्हई झिजते, काळी पूड साठते, आणि त्या पुडीतून वीज नीट जात नाही. हेडलाइटला थोडंफार चालून जातं. पण सेन्सर बोलतात पाच व्होल्टच्या आत, तिथे एवढ्या-तेवढ्यानेही बोलणं बदलतं. तापमानाच्या सेन्सरची तर कथाच वेगळी: थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्म्यात घटतो. वायर सुटली म्हणजे रोध अमाप, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी उणे चाळीस अंश. मे महिन्यात, भर दुपारी, स्वारगेटच्या सिग्नलला आपण घामाने निथळत उभे, आणि आपली गाडी समजतेय की आपण सियाचीनला आहोत. काही गाड्यांचे कॉम्प्युटर शहाणे असतात, ते असल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. बाकीचे बिचारे प्रामाणिकपणे पेट्रोल ओततात.

वायरिंग उचलून धरली तेव्हा तिच्या पोटात काय काय निघालं! कधीकाळी बसवलेल्या फॉग लॅम्पच्या वायरी, आता दिवेच नाहीत. सेंट्रल लॉकिंगची एक पिवळी वायर, जिचं दुसरं टोक कुणालाच सापडलेलं नाही. आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरीवर दातांनी सोलल्याच्या खुणा. दातांनीच. ॲक्सेसरीवाल्या पोराने ती वायर माझ्यादेखत तोंडात धरून सोलली होती आणि कवचाचा तुकडा बाजूला थुंकला होता. ती रिव्हर्स हॉर्नची वायर. मागच्या दिव्यापाशी जोडायला हवी होती, पण मागे वाकायचा कंटाळा आल्याने त्याने ती पुढे गिअरबॉक्सच्या स्विचपाशीच जोडली आणि तिथून मागे नेली.

रिव्हर्स हॉर्नबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. नसलं तरी बोलणार आहे. ज्यांचा जन्म कॅमेऱ्यावाल्या गाड्यांच्या काळात झाला त्यांना सांगूनही खरं वाटणार नाही, पण एक काळ असा होता की गाडी मागे घेताना ती गायची. नुसतं टीं टीं नाही. चांगली पाऊण मिनिटाची धून. गाडी घेतली की सीट कव्हर, मॅट, गणपती आणि रिव्हर्स हॉर्न, या क्रमाने गोष्टी यायच्या. दुकानात खोक्यातून तारा काढून एकेक धून ऐकवायचे आणि आपण कुटुंबासह ती पसंत करायची. मुलगी पाहायला गेल्यावर जेवढा विचार होत नसे तेवढा तिथे होई. कुणी "सारे जहाँ से अच्छा" घेई. कुणाला वाढदिवसाचं गाणं आवडे, आणि मग वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस त्यांच्या घरी रात्री साडेनऊला वाढदिवस. पण सगळ्यात जास्त खपायचा तो बेथोवेन. 'फ्यूर एलिझ' ही त्याची चीज १८१० ची, पण ती छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. तिला सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो मात्र २००० सालच्या सुमारास, आपल्या पार्किंगांत. माझी खात्री आहे की पश्चिमेकडच्या कुठल्याही सभागृहात ती इतक्या वेळा वाजली नसेल, आणि इतक्या वेळा मध्येच तुटलीही नसेल. कारण जागा मोठी असली की गाडी दोन सुरांत आत जायची आणि बेथोवेन तिथेच संपायचा. आमच्या विंगमधल्या एका नवशिक्या काकूंमुळेच आम्हाला त्या चीजेचा पुढचा भाग कळला. त्या पुढे-मागे, पुढे-मागे करत राहायच्या, मागे येताना इतक्या सावकाश की धून पार पुढे जायची, आणि पुढच्या रिव्हर्सला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. त्यांना गाडी लावायला लागायची वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत सगळी विंग गॅलरीत. "सोडा, सोडा, अजून सोडा, बास!"

मीही बेथोवेनच घेतला होता. कारण विचाराल तर त्यात मला अभिरुची दिसली होती. आमच्या इमारतीत तेव्हा सहा अभिरुचिसंपन्न गाड्या होत्या, त्यामुळे बायकोला मी आलो की आणखी कुणी, हे कळत नसेल असं मला वाटायचं. ती म्हणाली, "तुमची जरा बेसूर आहे, त्यावरून ओळखते." स्पीकर पाण्याने खराब झाला होता.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कोण आलं ते कळायचं. पिंपरीच्या कारखान्यातून दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्या शेजाऱ्यांची धून वाजली की त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. ते वारले त्यानंतर त्यांच्या मुलाने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक ती मागे घेऊन बाहेर काढत होतं तेव्हा धून वाजली, आणि तो दिवा लागला. सवयीने. लगेच बंद झाला. मी गॅलरीत उभा होतो, आत आलो.

असो. मुद्दा कपलरचा होता.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की कपलर सुटा येत नाही, पूर्ण इंजिन हार्नेसच घ्यावा लागेल. बरं, तो केवढ्याला? पुन्हा पाहून म्हणाला, तो बंद झालाय. म्हणजे जी वस्तू मिळत नाही तीच घेतली तर मला हवी ती वस्तू मिळणार होती. मग तो सौजन्याने म्हणाला, "सर, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका ना."

राग येतो तो इथे. पिस्टन शाबूत, गिअरबॉक्स शाबूत, पत्र्याला गंज नाही, आणि गाडी मोडीत का घालायची, तर करंगळीच्या नखाएवढी प्लॅस्टिकची जीभ कुणी विकत नाही म्हणून. ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं राष्ट्रीय धोरण आलं. वीस वर्षांवरची खासगी गाडी फिटनेस चाचणीत नापास झाली तर ती गेली. ठीक आहे, धुराचं खरं आहे, ब्रेकचं खरं आहे. पण जुन्या गाड्या बहुतेक वेळा त्या चाचणीपर्यंत पोचतच नाहीत. आधी चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी लागतो कधी विझतो. गॅरेजवाला एक सेन्सर बदलतो, मग दुसरा. दोष असतो कुठल्या तरी ढिल्या पिनेत, आणि ती शोधण्याइतका वेळ कुणाला परवडत नाही. शेवटी "वायरिंगचा प्रॉब्लेम आहे" असं म्हटलं जातं, आणि ते म्हटलं की भंगारवाल्याला फोन.

माझ्या काकांची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. तिचं सगळं इंजिनाचं वायरिंग काका जेवताना बोटांवर मोजून दाखवायचे: कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, स्टार्टर आणि दोन-चार किरकोळ. टोकं स्क्रूने आवळलेली नाहीतर साध्या चपट्या पिनांत खोचलेली. सेन्सर म्हणजे काकांचं नाक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. गेली तीही वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. मला काही पद्मिनी परत नको आहे. थंडीत चोक ओढून ओढून काका हैराण व्हायचे, ते मी पाहिलंय. पण तिच्या डागडुजीला लागायचं ते कोपऱ्यावर मिळायचं.

तेव्हा मोडका तुकडा रुमालात बांधून मी नाना पेठेत गेलो. नाना पेठेत नमुन्याशिवाय जाऊ नये. नमुना पाहून दुकानदार त्याच्या पाठीमागच्या शेकडो पिशव्यांपैकी एकीत डोळे मिटून हात घालतो. माझा तुकडा त्याने उलटापालटा केला. मी म्हटलं, "०९० सिरीजचा आहे, पिनेची रुंदी २.३ मिलिमीटर." हे मी आदल्या रात्री पाठ केलं होतं. तो म्हणाला, "दोन पिनी, करडा." आणि मग गाडीचं नाव ऐकून, "अजून आहे?"

जुन्या बाजारात भंगारातल्या गाड्यांचे अख्खे हार्नेस मिळतात, ढिगाने. एक उचलून पाहिला. माझ्याच सालचा, त्यामुळे माझ्याइतकाच ठिसूळ, हातातच जीभ आली. विकणाऱ्याने वर पाहिलं. मी तो घेतला. घ्यावाच लागला. शेवटी काही कपलर मिळाले ते मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात, कारण त्याच मापाचे कपलर बाइकलाही लागतात, आणि बाइक दुरुस्त करणारी पोरं अजून पूर्ण हार्नेस बदला म्हणत नाहीत. काही वायरीच्या शेपटासकट, काही सुटे, रबरी सील वेगळ्या पुडीत. सगळे मिळून आले त्या बॉयलर सूटच्या शिलाईपेक्षा कमी पैशांत.

बसवायला बापूंना बोलावलं. बापू वायरमन आहेत, सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पिशवीतून छत्रीची एक काडी काढली, टोकाला घासून चपटी केलेली. ती मोडक्या कपलरच्या तोंडातून आत सरकवली, पिनेला अडवून धरणारा काटा दाबला आणि मागून वायर हलकेच ओढली. पिन अख्खी बाहेर. चहाचा कप धरताना बापूंचा हात थरथरतो, बशीत चहा सांडतो. पिनेशी गेला की थांबतो. जिथे पिन काळी पडली होती तिथे त्यांनी वायर थोडी कापली, सील ओवलं, नवी पिन घेतली. पिनेच्या मागे कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्याला आवळायची, मागची वायरच्या कवचाला, म्हणजे ओढ बसली तर ती तांब्यावर येत नाही. पक्कड दोनदा दाबली आणि वायर ओढून पाहिली.

मी बाजूला उभा राहून त्यांना सोल्डर का करू नये ते समजावून सांगत होतो. शिसं-कथील वितळून तारांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि थरथरीने बरोबर तिथेच तुटतो. "हो साहेब," बापू म्हणाले. तोवर त्यांच्या तीन पिना झाल्या होत्या.

खरी पंचाईत पुढे होती: कुठला कपलर कुठला? काढताना मी प्रत्येकावर कागदी पट्टी चिकटवून बॉलपेनने इंग्रजी आद्याक्षरं लिहिली होती, टीपीएस, ईसीटी, सीएमपी, चार लोकांनी पाहिलं तर कळावं की हा माणूस कोण आहे. तेलाने सगळी शाई पसरली होती. नुसते निळे डाग. पण दुसऱ्या पट्ट्याही होत्या. मी दूध आणायला गेलो असताना बायको हेअर ड्रायर परत न्यायला खाली आली होती, आणि हे सगळं लोंबकळताना पाहून तिने पिठाच्या डब्यांवर लिहिते त्याच पेन्सिलीने प्रत्येक जागेचं वर्णन लिहून ठेवलं होतं. पेन्सिलीला तेल काही करत नाही. बापू चष्मा वर करून वाचू लागले.

"'बॅटरीकडून दुसरा, करडा, तोंड गेटाकडे.' बरोबर." टक्.

"'हा आणि शेजारचा जुळे आहेत, अदलाबदल करू नये. याच्यावर पांढरा ठिपका दिलाय.'" बापूंनी ठिपका शोधला. नेलपॉलिशचा होता. टक्.

"'याचं नाव ह्यांनी सांगितलं होतं, विसरले. नळीच्या खालून जातो.'" टक्.

नवा कपलर बसतो तेव्हा तो आवाज येतो, आणि जुना कपलर काढताना आलेल्या आवाजाशी त्याचं काही नातं नसतं. बँक मॅनेजरही आले होते. प्रत्येक टक् झाला की ते मान हलवत होते, तेवढ्यापुरतं आम्हा सगळ्यांना काहीतरी कळत होतं.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गॅस्केटही बदललं गेलं, ते मघाशी राहून गेलं सांगायचं. बापूंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: कपलर माझे, पिना त्यांच्या, मजुरी, आणि खाली वजा शंभर.

"हे शंभर कसले?"

"वहिनींनी खुणा करून ठेवल्या ना. माझा अर्धा दिवस वाचला."

मी बॉयलर सूटच्या खिशातून पैसे काढत विचारलं, "आणि मी मघापासून जे सगळं सांगत होतो, ते?"

बापूंनी कागदाची घडी घातली. "त्याचे काही लावले नाहीत, साहेब."